मार्चअखेरीस स्वालबार्ड: कपड्यांच्या आधी ठरवायच्या गोष्टी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून तुम्ही, पत्नी, अकरा वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या आई असे चौघं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दहा दिवसांसाठी नॉर्वेला निघालात. त्यातल्या चार रात्री स्वालबार्डला, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या ध्रुवीय बेटांवर, काढायच्या, तिथे गाडी भाड्याने घेऊन फिरायचं, नॉर्दर्न लाइट्स आणि ध्रुवीय अस्वल बघायचं आणि जमलं तर आपलं, भारताचं, ‘हिमाद्री’ संशोधन केंद्रही. विचारलंत मात्र एवढंच, की उणे वीसमध्ये कपडे काय लागतील आणि गुडघे कुरकुरणाऱ्या आईंना हे झेपेल का.

कपड्यांचं सांगतोच. पण खरं सांगायचं तर स्वालबार्डमध्ये थंडी हा सगळ्यात सोपा भाग आहे, कारण थंडीची तयारी पैसे देऊन भाड्याने मिळते. सहली फसतात त्या तीन ठिकाणी: व्हिसावरचा एक आकडा, ‘आपलं आपण फिरू’ हा समज, आणि चुकीच्या महिन्यात चुकीच्या गोष्टीची अपेक्षा. तुमच्या आराखड्यात हे तिन्ही आहेत, म्हणून आधी तिथून सुरुवात करतो.

माझ्याकडे अशी चौकशी आली की मी हॉटेल-विमान बाजूला ठेवून आधी व्हिसा बघतो. स्वालबार्ड नॉर्वेच्या ताब्यात असलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. १९२० च्या स्वालबार्ड करारामुळे खुद्द बेटांवर जायला कुणालाच व्हिसा लागत नाही (त्या करारावर तेव्हाच्या हिंदुस्थानच्या वतीनेही सही आहे). पण तिथे जाणारी नेहमीची विमानं नॉर्वेतल्या ओस्लो किंवा ट्रोम्सोहून सुटतात आणि परतही तिथेच येतात. म्हणजे तुम्ही नॉर्वेत शिरलात ही पहिली एंट्री, स्वालबार्डला निघालात तेव्हा शेंगेनमधून बाहेर पडलात, आणि परत ओस्लो-ट्रोम्सोला उतरलात ही दुसरी एंट्री. व्हिसाच्या स्टिकरवर ‘नंबर ऑफ एंट्रीज’ असा एक रकाना असतो. त्यात ०१ छापलं असेल तर तुम्हाला जाता येईल, पण नियमाने परत येता येणार नाही. तिथे ०२ किंवा ‘मल्ट’ (मल्टिपल, म्हणजे अनेक वेळा) हवं.

चूक होते ती अशी. एजंट फॉर्म भरताना ‘नॉर्वे, १० दिवस’ असं लिहून सिंगल एंट्रीवर खूण करतो, कारण त्याच्या नकाशात स्वालबार्ड म्हणजे नॉर्वेच. फॉर्म स्वतः बघा. सोबतच्या पत्रात तारखांसह एक वाक्य स्पष्ट लिहा: अमुक तारखेला स्वालबार्डला जाण्यासाठी शेंगेनमधून बाहेर पडणार, अमुक तारखेला परत येणार, म्हणून किमान दोन एंट्री हव्यात. स्टिकर हातात आल्यावर चौघांचेही पासपोर्ट उघडून तो रकाना वाचा. तिघांचा बरोबर आणि एकाचा चुकीचा असंही होऊ शकतं. स्वालबार्डला पोचल्यावर नवा व्हिसा काढू, असं धरून चालू नका.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नेहमीची मुदत पंधरा दिवसांची असली तरी गर्दीच्या काळात ती लांबते, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत उरकून टाका. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वयाच्या मुलांना ४५ युरो, वर व्हिसा-अर्ज केंद्राचा सेवाखर्च वेगळा. बारा वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. जन्मदाखला मात्र जोडा.

विम्याचंही असंच. व्हिसासाठी लागते ती ३० हजार युरोंची पॉलिसी कागद पूर्ण करते, पण ती ‘शेंगेन देशांसाठी’ अशी लिहिलेली असू शकते. स्वालबार्ड त्यात बसतं का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. आणखी तीन शब्द पॉलिसीत शोधा: शोध आणि सुटका, विमानाने रुग्ण हलवणं, आणि स्नोमोबाईल. आपल्याकडच्या बऱ्याच पॉलिसी स्नोमोबाईलला साहसी खेळ म्हणून वगळतात, त्यासाठी वेगळी जोड घ्यावी लागते. लाँगइयरब्येन या तिथल्या मुख्य गावी रुग्णालय आहे, पण लहान. मोठं काही झालं तर रुग्णाला सुमारे साडेनऊशे किलोमीटरवरच्या ट्रोम्सोला विमानाने नेतात. आई बरोबर असताना या ओळीवर काटकसर करू नका.

आता फिरण्याचं. गाडी भाड्याने घेऊ नका. लाँगइयरब्येन आणि आसपास मिळून रस्ता आहे जेमतेम चाळीस-पन्नास किलोमीटर. एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीला जाणारा रस्ताच नाही. गाव इतकं आटोपशीर आहे की एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पायी जाता येतं, विमानतळाची बस प्रत्येक विमानाला हजर असते आणि हॉटेलांपाशी सोडते, आणि टॅक्सी आहे. गाडीने गावाबाहेर गेलात तरी खाली उतरून करणार काय? कारण गावाच्या वेशीवर एक त्रिकोणी पाटी आहे: लाल काठ, काळी पार्श्वभूमी, त्यावर पांढरं अस्वल, आणि खाली नॉर्वेजियनमध्ये ‘येल्डर हेले स्वालबार्ड’, म्हणजे ‘संपूर्ण स्वालबार्डला लागू’. लोक तिच्याशेजारी फोटो काढतात. फोटो काढायचा तर पाटीच्या गावाकडच्या बाजूला उभं राहून काढा आणि परत फिरा. त्या पाटीपलीकडे अस्वलाला घाबरवून पळवण्याचं साधन जवळ असणं सक्तीचं आहे, आणि त्याशिवाय बंदूकही बाळगावी असा तिथल्या राज्यपालांच्या कार्यालयाचा सल्ला आहे. परदेशी पाहुण्याला बंदूक भाड्याने घ्यायची तर आधी परवाना लागतो, आणि ती चालवता यायला हवी हे वेगळंच. तुमच्यासाठी याचा साधा अर्थ एकच: पाटीपलीकडे जे काही कराल ते सशस्त्र गाइडबरोबर. ही नुसती भीती घालण्याची गोष्ट नाही; २०२० च्या ऑगस्टमध्ये विमानतळाजवळच्या तंबूतळावर अस्वलाच्या हल्ल्यात एक माणूस गेला आहे.

गावातही एक पथ्य आहे. फोटोसाठी घरांमागच्या उतारावर चढू नका. डिसेंबर २०१५ मध्ये सुकरटोप्पेन डोंगरावरून हिमलोट थेट घरांवर आला, दोघांचा जीव गेला आणि अकरा घरं उद्ध्वस्त झाली. मार्चमध्ये उतारांवर बर्फ भरपूर असतं. मुलाला हे आधीच समजावून सांगा, कारण बर्फाचा उतार दिसला की त्या वयाचं पोर घसरायला धावणारच.

अस्वल दिसेल का? आशा ठेवू नका. स्वालबार्डमध्ये कायम राहणारी अस्वलं साधारण तीनशे, आणि त्यांचा मुलूख प्रचंड. त्यातून कायद्याने अस्वल शोधत फिरणं, त्याच्या मागे जाणं, त्याला आमिष दाखवणं हे सगळं बंद आहे. २०२५ पासून किमान अंतर ३०० मीटर ठेवावं लागतं आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर, कारण तेव्हा माद्या पिल्लांना घेऊन बाहेर पडलेल्या असतात. तुमच्या तारखा नेमक्या याच काळात येतात. पाचशे मीटरवरचं अस्वल नुसत्या डोळ्यांना पिवळसर ठिपक्याएवढं दिसतं. बर्फाच्या पांढऱ्यापुढे त्याची लव पिवळट वाटते, ओळखायची खूण तीच. ते दिसलं तर गाइड तुम्हाला जवळ नेणार नाही, मागे वळवेल, आणि तसंच त्याने करायला हवं. ‘अस्वल दाखवतोच’ म्हणणारी जाहिरात दिसली तर तिथे पैसे भरू नका. अस्वलासाठीच जायचं असेल तर उन्हाळ्यातली, जून ते ऑगस्टमधली, अनेक दिवसांची बोटीची सफर हा खरा मार्ग. ती पूर्ण वेगळी सहल आहे आणि खर्चही वेगळा.

मार्चमध्ये काय हमखास दिसेल तर रेनडिअर. आखूड पायांचे, गुबगुबीत, गावात घरांमधून चरत फिरणारे. मुलाला तेवढ्यानेही धन्य वाटेल.

नॉर्दर्न लाइट्सची गंमत वेगळी आहे आणि इथे लोक हटकून फसतात. ‘जितकं उत्तरेला तितके लाइट्स चांगले’ हे खरं नाही. एक तर हे दिवे पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवाभोवतीच्या कड्यात दिसतात, आणि रात्री ते कडं साधारण ट्रोम्सोच्या डोक्यावर असतं. स्वालबार्ड त्याच्याही उत्तरेला जातं. (भर हिवाळ्यात मात्र लाँगइयरब्येनला दुपारी बाराच्या सुमाराला लाइट्स दिसू शकतात, कारण तेव्हा दुपारीही अंधार असतो. जगात अशा जागा फार थोड्या.) दुसरं, अंधार हवा. २५ मार्चच्या मध्यरात्री लाँगइयरब्येनला सूर्य क्षितिजाच्या जेमतेम दहा अंश खाली असतो, म्हणजे आकाश निळसर संधिप्रकाशाचंच. दिवस तिथे रोज पाव तासाने वाढत असतो, त्यामुळे एप्रिल उजाडेपर्यंत तो अंधारही जातो, आणि १९-२० एप्रिलपासून तर सूर्य मावळतच नाही. त्याच २५ मार्चला ट्रोम्सोला मध्यरात्री सूर्य अठरा अंशांहून थोडा जास्त खाली असतो, म्हणजे पूर्ण काळोख.

तेव्हा लाइट्ससाठी दोन रात्री ट्रोम्सोला काढा, आणि त्या स्वालबार्डहून परतताना ठेवा. आधी का नकोत? कारण स्वालबार्डहून सुटणारी विमानं वादळाने किंवा धुक्याने रखडू शकतात. परतल्यावर ट्रोम्सोला दोन रात्री असतील तर एक दिवस गेला तरी भारतात येणारं विमान चुकत नाही. आधी ट्रोम्सो आणि शेवटी स्वालबार्ड असं लावलंत, तर रखडलेल्या एका दिवसाची किंमत चार आंतरराष्ट्रीय तिकिटं. ट्रोम्सो समुद्रकाठी असल्याने तिथे ढग असतात. चांगला गाइड त्या रात्रीचा हवामानाचा नकाशा बघून गाडी आतल्या बाजूला, स्किबोत्नच्या कोरड्या खोऱ्याकडे किंवा थेट फिनलंडच्या हद्दीपर्यंत नेतो. ठरल्या जागीच नेणारी स्वस्त बस टाळा. आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास पुढे जातात, हे मोबाईलच्या भरवशावर सोडू नका, हॉटेलातून न्यायला येणाऱ्या गाडीच्या वेळा त्या दिवशी दोनदा तपासा. त्यानंतर लाइट्सची चांगली वेळ रात्री अकरा ते दोन अशी सरकते. मुलाला दुपारी झोपवा.

म्हणजे बुकिंगचा क्रम असा होतो: आधी तारखा (ईस्टरचा आठवडा टाळून, कारण तेव्हा नॉर्वेजियन लोक स्वतःच स्वालबार्डला गर्दी करतात), मग स्वालबार्डमधल्या गाइडबरोबरच्या फेऱ्यांची चौकशी, मग तिकिटं, मग व्हिसा आणि विमा. फेऱ्या आधी विचारायला सांगतोय, कारण मार्च-एप्रिल हा तिथला ऐन हंगाम आहे. हॉटेल मिळालं आणि फेऱ्या भरल्या, तर चार दिवस गावातच येरझाऱ्या घालाव्या लागतील.

तिकिटात एक बारकावा आहे. ओस्लोहून थेट विमान सुमारे तीन तासांचं. काही विमानं ट्रोम्सोमार्गे जातात. तेव्हा ट्रोम्सोला सगळ्यांना उतरवून पासपोर्ट तपासतात आणि मग त्याच विमानात परत बसवतात. हातातलं सामान आणि पासपोर्ट घेऊनच उतरा. स्वालबार्ड नॉर्वेच्या कस्टम्स हद्दीच्याही बाहेर आहे, त्यामुळे येताना बॅग कुठपर्यंत लागली आहे आणि ती कुठे उचलून कस्टम्समधून न्यायची, हे चेक-इनलाच विचारून घ्या. तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर बॅग तुम्हालाच उचलायची आहे असं धरा.

फेऱ्या कोणत्या घ्यायच्या? हे चौघांवर अवलंबून आहे, आणि चौघांनी सगळं एकत्रच करायचं हा हट्ट सोडावा लागेल.

स्नोमोबाईलला तिथे सगळे नुसतं ‘स्कूटर’ म्हणतात. नावावर जाऊ नका, आपल्या ॲक्टिव्हाशी तिचं नातं नाही. धूड दोन-अडीचशे किलोचं, वेग उजव्या अंगठ्याने दाबायच्या खटक्यावर, पुढे गाइड आणि मागे रांग. दिवसभराच्या फेरीत शंभर किलोमीटर सहज होतात. चालवायला चारचाकीचं लायसन्स लागतं: मूळ कार्ड न्या, मोबाईलमधलं किंवा छापील प्रत चालेल असं समजू नका, आणि आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून सोबत ठेवा. दारूची मर्यादा रक्तात ०.२ प्रति हजार, म्हणजे आदल्या रात्रीची जास्त झालेलीही सकाळी नडते. पहिल्यांदा चालवणाऱ्याचे हात आणि खांदे दुपारनंतर भरून येतात, म्हणून पहिल्या खेपेला तीन-चार तासांची फेरीच घ्या.

मुलाचं वेगळं आहे. मागे बसणाऱ्याचं शरीर हलत नाही, त्यामुळे चालवणाऱ्यापेक्षा तो लवकर गारठतो. हवा उणे पंधरा आणि वेग ताशी चाळीस असेल तर उघड्या कातडीला ते उणे सत्तावीसएवढं लागतं. हवा उणे वीस असेल तर उणे चौतीस, आणि त्या गारठ्यात उघडं नाक-गाल दहा ते तीस मिनिटांत गोठू शकतात. लहान मुलांना घ्यायचं की नाही याचे प्रत्येक आयोजकाचे नियम वेगळे: कुणी वय बघतं, कुणी उंची, कारण पाय पायदानावर टेकायला हवेत आणि हेल्मेट डोक्याला घट्ट बसायला हवं. आधी विचारा. अकरा वर्षांच्या मुलाला कुत्र्यांची गाडी जास्त आवडेल, असं माझं मत. एका गाडीत एक बसतो आणि एक मागे उभा राहून ब्रेक सांभाळतो, कुत्र्यांना जुंपायलाही लावतात, आणि सतत काहीतरी करावं लागत असल्याने अंग गरम राहतं. उभं राहणाऱ्याने एकच नियम पाळायचा: गाडी उलटली तरी दांडा सोडायचा नाही. कुत्री थांबत नाहीत.

आईंना कुत्र्यांच्या गाडीत बसून जाता येईल, पण आसन जमिनीलगत असतं आणि पाय लांब करून बसावं लागतं. उठताना हात द्यायला माणूस हवा. गुडघे फार दुखत असतील तर बंद, गरम डब्याची पट्ट्यांवर चालणारी मोठी बर्फगाडी असते, तिची फेरी घ्या. हिमनदीच्या पोटातली गुहा त्यांच्यासाठी नको. आत काही जागी वाकून, काही जागी रांगत जावं लागतं, बुटांना काटे लावून. ती तुम्ही मुलाला घेऊन करा. त्या वेळात आईंसाठी स्वालबार्ड संग्रहालय आहे: उबदार, एका मजल्यावर आटोपणारं, आणि बसायला जागा असलेलं. बियाणांच्या जागतिक कोठारात, २००८ साली सुरू झालेल्या त्या प्रसिद्ध तिजोरीत, कुणालाही आत सोडत नाहीत. डोंगरातून बाहेर आलेला तो दरवाजा बाहेरूनच बघायचा. टॅक्सीने जाऊन दहा मिनिटांत होतं.

आईंच्या बाबतीत मला थंडीपेक्षा जास्त काळजी पडण्याची आहे. गावातल्या रस्त्यांवर बर्फ दबून काचेसारखा होतो. बुटांवर चढवायचे रबरी पट्ट्यांचे काटे चौघांसाठी घ्या, आणि दुकानात किंवा हॉटेलात शिरताना ते काढा, नाहीतर गुळगुळीत फरशीवर तेच काटे घसरतात. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब वाढतो, म्हणून निघण्याआधी डॉक्टरांना विचारून गोळ्यांचं प्रमाण ठरवून घ्या. पूर्ण मुक्कामाची औषधं आणि वर आठवड्याची जादा, सगळी हातातल्या बॅगेत. आपल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिथे औषध मिळेल असं धरू नका. मधुमेह असेल तर इन्सुलिन आतल्या खिशात, अंगाला लागून. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकून द्यायचं.

आता चार दिवसांची मांडणी. पहिला दिवस पोचण्याचा. त्यात काही ठरवू नका. सगळ्यात हवी ती फेरी दुसऱ्या दिवशी लावा, शेवटच्या दिवशी नाही. कारण वादळ आलं की आयोजक फेरी रद्द करतो आणि पुढच्या दिवशी जागा असेल तर देतो. हवी ती गोष्ट आधी ठेवली की तिला मागे दोन दिवसांची गादी राहते. एक पूर्ण दिवस रिकामा सोडा. चार दिवसांत चार फेऱ्या कोंबणाऱ्यांची निदान एक तरी बुडते, आणि मग चिडचिड होते.

आता कपडे. पुण्यात पंचवीस हजारांची जाकिटं घेऊ नका. गावाबाहेर नेणारे आयोजक एकसंध गरम सूट, बूट, मोठे हातमोजे, टोपडं, हेल्मेट, गॉगल देतात, ते फेरीच्या पैशांतच असतं. तुम्हाला न्यायचं आहे ते त्याच्या आतलं. मेरिनो लोकरीचे अंगाला बसणारे वरचे-खालचे कपडे, प्रत्येकी दोन जोड. त्यावर फ्लीस किंवा साधा लोकरी स्वेटर. लोकरी मोजे तीन जोड, आतले पातळ हातमोजे, गळ्याभोवतीची नळीसारखी पट्टी दोन (एक ओली होतेच, श्वासाने). गावात फिरायला वारा अडवणारं साधं जाकीट आणि पँट. सुती काहीही अंगाला लागून नको, बनियनसुद्धा. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि थांबलात की तोच गारठा देतो.

बुटाचं गणित उलटं आहे. जितके मोजे जास्त तितकं गरम, असं नाही. बूट घट्ट झाला की रक्त बोटांपर्यंत पोचत नाही आणि दोन जाड मोजे घातलेला पायच आधी बधिर होतो. बुटात बोटं वळवळता आली पाहिजेत. नसतील वळवळत तर एक मोजा काढा किंवा एक नंबर मोठा मागा. याच कारणाने पत्नीने आणि आईंनी जोडवी घरी काढून ठेवावीत. नाकातली चमकी, कानातली फुलं, अंगठ्यासुद्धा. धातू गारठा थेट कातडीपर्यंत आणतो, आणि हेल्मेट चढवताना कानातलं टोचतं ते वेगळं.

चष्मा असेल तर नाकावरची पट्टी गॉगलच्या खाली खोचा, श्वास वर गेला की काचेवर बर्फ धरतो. मोबाईल उणे पंधरात भरलेली बॅटरी असूनही बंद पडतो. तो छातीजवळच्या खिशात ठेवा, बाहेर काढा, दोन फोटो, परत आत. कॅमेऱ्याची जादा बॅटरीही तिथेच. बाहेरून आत येताना कॅमेरा आधी झिपच्या पिशवीत बंद करा आणि तासभर उघडू नका, म्हणजे दव पिशवीवर धरेल, भिंगावर नाही.

एक वस्तू मात्र यादीत सगळ्यांचीच राहते: घरात घालायच्या सपाता. लाँगइयरब्येनला हॉटेलांत आणि संग्रहालयात बूट दारात काढायची पद्धत आहे, कोळशाच्या खाणींच्या काळापासूनची, काळी धूळ आत येऊ नये म्हणून. आपल्याला ती परकी वाटणार नाही, पण मोज्यांनी गार फरशीवर फिरू नये.

खाणं: शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच ‘मासे आणि चिकनही नाही’ असं लिहा, नुसतं ‘व्हेजिटेरियन’ पुरत नाही. दिवसभराच्या फेरीत पिशवीत सुकवलेलं जेवण देतात. खुणेच्या रेषेपर्यंत उकळतं पाणी घालायचं, ढवळायचं, सात-आठ मिनिटं बंद ठेवायचं. शाकाहारी पिशव्या असतात, पण मोजून नेलेल्या, म्हणून आधी सांगा. भारतातून नेताना मांस आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत आणायला बंदी आहे, तेव्हा पेढे, खवा, तूप, पनीर घरीच. भडंग, खाकरा, झटपट पोहे, कोरड्या चटण्या, मेतकूट हे सगळं चालतं. गावात एक मोठं किराणा दुकान आहे, सगळं मिळतं, पण भाजी-फळं विमानाने किंवा जहाजाने आलेली असतात आणि भाव तसेच. नळाचं पाणी प्या. रोख क्रोनर लागत नाहीत. दोन वेगळ्या बँकांची कार्डं ठेवा. विजेला युरोपियन दोन गोल पिनांचा अडॅप्टर.

राहिलं ‘हिमाद्री’. ते २००८ पासून नी-ऑलेसुंड या संशोधनवस्तीत आहे आणि ते चालवणारी राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था आपल्या गोव्यात, वास्कोला आहे. पण लाँगइयरब्येनहून तिथे रस्ता नाही. पर्यटक जातात ते उन्हाळ्यात जहाजाने, काही तासांसाठी, आणि इमारत बाहेरून बघतात. तिथे रेडिओ शांतता पाळतात, म्हणून मोबाईल विमान-मोडवर, वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं. मार्चच्या चार दिवसांत हे बसणार नाही. यादीतून काढा.

आयोजक तुमच्याकडे प्रत्येकाची उंची, वजन आणि युरोपियन मापातला बुटाचा नंबर मागतील. मोठ्यांचे आत्ताच द्या. मुलाचा मात्र निघायच्या आठवड्यात पाय कागदावर ठेवून, पेन्सिलीने आखून, सेंटिमीटरमध्ये मोजून पुन्हा कळवा. नोव्हेंबरात दिलेला नंबर मार्चपर्यंत त्याला लहान झालेला असेल.